कामाला दिलेला वेळ

१४ जून, शुक्रवार

निशिगंधा,

हे पत्र तू उघडशील की नाही, ठाऊक नाही. पाकिटावरचं अक्षर तर ओळखशीलच. पत्ता कुठून मिळाला असं मनात येईल, म्हणून आधी तेच सांगतो. गेल्या वर्षी मार्चात तू पोस्टात अर्ज पाठवलास, की तुझ्या नावाचं टपाल पुण्याच्या पत्त्यावर वळवावं. आपल्या गावचं पोस्ट म्हणजे आपल्याच घराची पुढची खोली आणि पोस्टमास्तर मीच, हे अर्ज लिहिताना तुला आठवलं असणार. अर्ज माझ्या टेबलावर आला. मी नोंद केली, शिक्का मारला. त्यावरचा पत्ता स्वतःसाठी वापरणं नियमात बसत नाही. पंधरा महिने वापरला नाही. आज वापरतो आहे.

कारण असं की भिंतीवरच्या तुझ्या आईच्या फोटोला बुरशी आली. कागद पावसाळी हवेत काचेला चिकटला आणि सोडवायला गेलो तर अर्धा गाल काचेवरच राहिला. मूळ फोटो तुझ्या कॉम्प्युटरमध्ये असेल म्हणून त्याच्यावरची चादर काढली. तू गेल्यापासून त्याला हात लावला नव्हता. बटण दाबल्यावर तो कण्हत कण्हत सुरू झाला. फोटो मिळाला. पण मी फोनचं इंटरनेट जोडून तो फोटो मंडणगडला स्वरूपकडे छापायला पाठवला, तेवढ्यात पडद्यावर एक खिडकी उघडली. आत रंगीत दोरखंडासारखं काहीतरी गोल फिरत होतं, स्वतःलाच गुंडाळत होतं आणि सुटत होतं. बाजूला तुझं नाव.

मी बंद केलं नाही. पोस्टाची वेळ झाली म्हणून बाहेर गेलो आणि पिशवी उघडून टपाल लावत बसलो, पण कान आतल्या पंख्याच्या आवाजाकडे होते. घरात आपल्याखेरीज कुणीतरी काम करतं आहे असं बऱ्याच दिवसांनी वाटलं.

तेवढंच सांगायचं होतं. तू जाताना म्हणाली होतीस, "ज्या घरात त्या देवीला हात जोडतात, त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही." ते मी विसरलेलो नाही. ये असं म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही.

रावजी


७ जुलै, रविवार

निशिगंधा,

मागचं पत्र परत आलं नाही. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत येतं तेव्हा पाठवणाऱ्याचा चेहरा कसा होतो, हे मी सव्वीस वर्षं पाहतो आहे. म्हणून साधंच टाकलं होतं, पोच मागितली नव्हती.

त्या दोरखंडाचा उलगडा झाला. स्वरूप तुला आठवत असेल, भिकाजी वाण्याच्या दुकानावर ऑनलाइन फॉर्म भरून देतो तो. आता लग्न झालंय, पोट सुटलंय. गेल्या शनिवारी चिपळूणला जाताना वाटेत उतरला. खुर्चीत बसला, दोन मिनिटं पाहिलं आणि हसायला लागला.

"काका, हे तुम्ही जगासाठी राबताय."

"म्हणजे?"

"शरीरातली प्रथिनं असतात ना, त्यांच्या लांबच लांब साखळ्या असतात. साखळीची घडी कशी पडते ते कळलं तर औषध शोधता येतं. घड्या पडू शकतात लाखो. एका यंत्राला जमायचं नाही. मग हे लोक कामाचे तुकडे करून जगभरच्या घरांत पाठवतात. ज्याला वाटेल त्यानं आपलं यंत्र द्यायचं. निशानं तुमचं दिलंय."

"कधी?"

त्यानं तारीख काढली. दोन वर्षांपूर्वीचा श्रावण, पहिला सोमवार. आईच्या पोटात गाठ आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

तू त्या दिवशी दुपारभर कॉम्प्युटरपाशी बसली होतीस, आणि मी आईला म्हणालो होतो, "बघ तुझी लेक, अशा वेळी खेळतेय."

"वीज तुमची, यंत्र तुमचं," स्वरूप म्हणाला, "आणि फायदा कुणाचा?"

"ज्याला होईल त्याचा."

"पोस्टात राहून तुमचं डोकं असं झालंय. दुसऱ्याचंच टपाल वाहायचं!"

खरं आहे. मला हे काम लगेच समजलं ते त्यामुळेच. बांधलेली पिशवी यायची, आत काय आहे ते आपण विचारायचं नाही, मुदतीत पुढं पोचवायची.

पण एक अडचण आहे. प्रत्येक कामाला आठ तास लागतात, आणि आपल्याकडे आठ तास सलग वीज कधी असते? परवा सात तास झाले होते आणि वेसवीच्या बाजूला लाइनवर झाड पडलं. वीज आल्यावर काम पुन्हा पहिल्यापासून. स्वरूप म्हणतो, काही कामं मधे मधे खूण करून ठेवतात, तिथून पुढं चालू होतात. काही मात्र खूण करत नाहीत. तो म्हणाला, वेळ आपल्याला बदलता येते. तुझ्या खात्याचं पान उघडलं की तिथं विचारतात, एका कामाला किती तास द्यायचे. कमी दिले तर यंत्र थोड्या घड्या करून पाहतं आणि जेवढं झालं तेवढं पाठवतं. जास्त दिले तर जास्त घड्या. पासवर्ड यंत्रातच राहिलेला आहे.

तुझ्या खात्यात मी परवानगीशिवाय शिरलो, हे आधीच सांगून ठेवतो.

रावजी


१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

निशिगंधा,

माझ्या हातून चूक झाली आहे.

स्वरूपनं सांगितलं होतं वेळ कमी करा. मी वाढवली. वाटलं, दुखण्याचं काम आहे, घाईनं अर्धवट उत्तर कशाला पाठवायचं? नीट वेळ द्यावा, उत्तर पक्कं होऊ द्यावं. खाली यादी होती, एक तासापासून दीड दिवसापर्यंत. मी एक पूर्ण दिवस निवडला. बरं वाटलं. विजेसाठी यूपीएसला नवी बॅटरी आणली, पंखा पुसला, यंत्राशेजारी उदबत्तीसुद्धा लावणार होतो, पण धूर आत जाईल म्हणून लांब लावली.

देवळात गेलो तेव्हा धाकू गुरवाला सांगितलं. तो देवीचं तेल पुसत होता. म्हणाला, "रावज्या, यंत्राला किती येळ द्यायचा त्याचा पन कौल लावायचा काय आता? सांग, लावतो. देवीला दुसरं कामच नाय."

"नको," म्हटलं.

"का रं? तुला तर एकदा लावून भागत नाय."

तो हसत म्हणाला. मला हसता आलं नाही.

झालं असं, की वेळ बदलली तेव्हा यंत्राच्या हातात तेरा कामं आधीच येऊन पडली होती. मला वाटलं, नवी वेळ पुढच्या कामांना. ती सगळ्यांनाच लागू झाली. आपलं यंत्र एका वेळी दोनच कामं करतं आणि मुदत तीन दिवसांची. वीज मधे मधे जात होती ती वेगळीच. चार पुरी झाली. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर उरलेली नऊ लाल. मुदत संपली. त्यातली दोन तर अठरा अठरा तास झाली होती.

स्वरूप फोनवर ओरडलाच. "काका, एकदम नसतं वाढवायचं! आधी हातातलं संपवायचं, मग थोडं थोडं. आणि तुमच्याकडची वीज बघून माणसानं खरं तर दोन तासांच्या वर जाऊच नये. पक्क्या उत्तराची वाट बघत बसलात तर उत्तर जातच नाही ना!"

"मग त्या नऊंचं काय?"

"काय व्हायचंय? दुसऱ्या कुणाला पाठवली. तो करेल."

मी फोन ठेवला आणि बाहेर पडवीत येऊन बसलो. यमुनाकाकी नारळीभात घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "रावजी, तोंड असं का? कुणाची तार आली?" आता तार येत नाही हे त्यांना कितीदा सांगितलं, तरी वाईट बातमी म्हणजे त्यांच्या लेखी तारच.

अठरा तास. त्या आकड्यावर मन अडकून बसलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठवड्याच्या आत मुंबईला न्या, ऑपरेशन करा. आपण अठरा दिवसांनी निघालो. तुझी आई महाडच्या पुढं गेली नाही. तुला सगळं माहीत आहे. देवीनं डावा कौल दिला, नेऊ नको म्हणाली, म्हणून मी थांबलो, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

वेळ पुन्हा आठ तासांवर आणून ठेवली आहे, तुझी होती तशी.

रावजी


४ सप्टेंबर, बुधवार

निशिगंधा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे, खाडाखोड सांभाळून घे.

गेला आठवडाभर वारा आहे. रोज दोन-तीन वेळा वीज जाते. आठ तासांचं काम पुरं होईना, पण मी हट्टानं काही बदललं नाही. काल दुपारी पोस्ट बंद करून आत आलो तर चार कामं पुरी होऊन गेलेली. मला वाटलं, यंत्र बिघडलं. पाहतो तर प्रत्येकाला बरोबर दोन तास लागलेले.

तशीच एसटी धरून मंडणगडला गेलो. स्वरूपनं तुझ्या खात्याचं पान उघडलं.

"दोन तास केलेत की तुम्ही. ऐकलंत म्हणायचं शेवटी."

"मी नाही केले."

"मग?"

"मी हात लावला नाही, स्वरूप. शपथ."

तो पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हे तुमच्या घरून झालेलं नाही. खातं ज्याचं आहे त्यानंच केलेलं असणार. ती पण हे पान बघत असेल, काका. तिथं सगळं दिसतं. किती कामं झाली, किती लाल झाली."

त्यानं दुकानातल्या दोघांना बाहेर थांबायला सांगितलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. चहा फार गोड होता.

म्हणजे नऊ लाल ओळी तू पाहिल्यास. त्याच्या आधीच्याही. चादर काढली त्या दिवसापासून तुला कळत असणार की घरातलं यंत्र चालू आहे. वीज कधी गेली आणि कधी आली, हे इथल्या खांबावरच्या वायरमनखालोखाल तुलाच ठाऊक.

मी येताना डेपोच्या बाकावर दोन गाड्या सोडून दिल्या. घरी आलो तेव्हा यंत्र पुढचं काम करत होतं. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि त्या घड्या पडताना पाहिल्या. आईनं धुतलेलं लुगडं तू एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला धरून घडी करायचात, तू मुद्दाम टोक सोडायचीस, ती ओरडायची.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. आज नाही. तीन दिवसांवर गणपती आले आहेत, घरातलं सगळं मला एकट्यालाच करायचं आहे. गौरी गेल्या की लिहीन.

हे कारण खरं नाही. पण सध्या एवढंच लिहिता येतं.

रावजी


१३ सप्टेंबर, शुक्रवार

निशिगंधा,

काल गौरी गेल्या. पाटावर तेरड्याची पानं पडली होती ती आज सकाळी झाडली. आता सबब उरली नाही.

श्रावणातल्या त्या पहिल्या मंगळवारी, डॉक्टरांनी सांगितल्यानंतर तिसऱ्या दिवशी, मी देवळात गेलो होतो. सोबत कुणी नव्हतं. धाकूनं देवीला न्हाऊ घातलं, दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की बाई, ह्याच्या बायकोला मुंबईस नेऊन पोट फाडायचं म्हणतात, न्यायचं असेल तर उजवा दे.

बोलणं संपायच्या आत उजवी पाकळी पडली.

हे मी तुला सांगितलं नाही. आईला सांगितलं नाही. आजपर्यंत कुणालाच नाही.

धाकू म्हणाला, "झालं, ऊठ, गाडी बघ." आणि मी उठलो नाही. माझ्या डोळ्यांसमोर मुंबईचं ते मोठं इस्पितळ आलं. माझे वडील अशाच एका इस्पितळात गेले होते, आणि आम्ही त्यांना घरी आणलं ते चादरीत बांधून. मी नववीत होतो. मला वाटलं, तिला नेलं की तिला आणता येणार नाही. इथं आहे तोवर आहे. मी धाकूला म्हणालो, "पुन्हा लाव. नीट पडली नाही."

तो म्हणाला, "अरे, उजवा तो उजवा. मिळालेला कौल पुन्ना इचारू नये."

मी ऐकलं नाही. त्यानं लावली. दुपार झाली तरी एकही पाकळी पडली नाही. मी घरी येऊन सांगितलं, देवी बोलत नाही. तू रोज विचारत होतीस, "बाबा, कधी निघायचं?" मी सांगत होतो, कौल मिळू दे. दहा दिवसांनी पुन्हा गेलो. तेव्हा डावी पडली. मला काय वाटलं ते लिहितो, कारण ते लपवलं तर या पत्राला अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

घरी येऊन मी म्हणालो, "देवीनं डावा दिला."

पुढच्या गुरुवारी आईचं पोट दगडासारखं झालं, आणि मग कौल विचारायला कुणी उरलं नाही. पुढचं तू गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन पाहिलंस.

तेराव्याला तू देवीला बोललीस, मी ऐकून घेतलं. तुझा राग माझ्यावर नव्हता, तिच्यावर होता, आणि मी तो तिच्यावर राहू दिला. मी रोज सकाळी तिला फूल वाहतो आणि रोज वाटतं, ही सगळं ऐकून गप्प आहे. दोन वर्षं तिनं माझी चूक स्वतःवर घेतली. लोक मला भाविक म्हणतात. धाकू म्हणत नाही. तो फक्त थट्टा करतो, आणि त्या थट्टेत त्यानं हे पोटात ठेवलं आहे.

तिला दोष देऊ नकोस. तिनं वेळेत सांगितलं होतं. तू हात जोडावेस म्हणून हे लिहीत नाही. तुझा राग चुकीच्या पत्त्यावर गेला होता. टपालाच्या माणसाला ते माहीत असून त्यानं वळवला नाही, एवढंच.

तुझ्या खात्यावरून हे यंत्र काढून टाकायचं असेल तर काढ. स्वरूप म्हणतो, एका बटणाचं काम आहे.

हे पत्र रजिस्टर करतो आहे, पोच जोडून. नकार आला तर तोही माझ्याच टेबलावर येईल.

रावजी


२४ सप्टेंबर, मंगळवार

निशिगंधा,

पोच आली. गुलाबी कागदावर तुझी सही, तारीख अठरा. टपालाची पिशवी उघडून वर-खाली करताना ती मधेच निघाली. सही बदललेली आहे. आधी 'निशिगंधा'ला लांब शेपूट काढायचीस, आता नुसतं आद्याक्षर आणि आडनाव.

माझं आडनाव आहे ते. म्हणून दोनदा वाचलं.

यंत्र चालू आहे. खात्यावर आहे, की काढलं जायचं आहे, ते रोज सकाळी पूजेआधी पाहतो. आज होतं.

रावजी


१० ऑक्टोबर, गुरुवार

निशिगंधा,

परवा परतीच्या पावसानं इकडं झोडपलं. दोन दिवस वीज धड नव्हती. काल संध्याकाळी आली तेव्हा यंत्र सुरू केलं, तर कामं एक एक तासाची झालेली. मला वाटलं, तू वेळ तोडत आणली आहेस. आधी आठ, मग दोन, आता एक. पुढं शून्य. असं वाटून मी ते तसंच सोडून पडवीत जाऊन बसलो. यमुनाकाकींनी विचारलं, "आज दिवा नाय लावलास?" तेव्हा उठून देवापुढं दिवा लावला.

आज स्वरूप देवीच्या ओटीला म्हणून बायकोला घेऊन आला होता. मी त्याला बोललो. तो म्हणाला, "थांबा, बघू तरी द्या."

त्यानं पान उघडलं आणि बराच वेळ वर-खाली केलं.

"काका, तिचं स्वतःचं पण एक यंत्र आहे या खात्यावर, पुण्याचं. ते आठ तासांनीच चाललंय. मागं तिनं दोन तास केले ना, ते सगळ्या खात्याला केले होते, तिच्या यंत्राला पण. आता तिनं दोघांची वेळ वेगळी केलीय. तिथं पाऊस नाही, वीज जात नाही, म्हणून आठ. तुमचं एक. सोमवारी केलंय. सोमवारी इथं पाऊस नव्हताच."

"मग एक का?"

"हवामानाचा इशारा सोमवारी आला होता, काका. रत्नागिरी जिल्ह्याला. माझ्या मोबाइलवर पण आला होता, मी बघितला नाही."

तो पुढं म्हणाला, "आणि वेगळी वेळ ठेवायची तर यंत्र कुठं आहे ते सांगावं लागतं. तीनच पर्याय असतात, घर, ऑफिस, शाळा. त्यातला एक निवडायचा. हे बघा."

आपल्या यंत्राच्या पानावर एक रकाना आहे. जुलैपासून मी तो रोज पाहत होतो, रिकामा असायचा. आता तिथं इंग्रजीत लिहिलं आहे, घर. तुझ्या पुण्याच्या यंत्रापुढं ऑफिस.

स्वरूप घाईनं म्हणाला, "फार मनावर घेऊ नका. तीनातलं एक काहीतरी लिहावंच लागतं."

"हो," म्हटलं.

तो गेल्यावर मी देवळात गेलो. धाकू एकटाच होता, ओटीचे तांदूळ गोळा करत होता. मला पाहून म्हणाला, "काय रावज्या, कौल?"

"नको."

"नक्की?"

"मिळालाय."

त्यानं मान वर करून पाहिलं, आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही. ओंजळभर तांदूळ माझ्या रुमालात बांधून दिले.

निशी, त्या एका शब्दाचा अर्थ काय, आणि किती, हे तुला विचारावं असं फार वाटतं आहे. पेन दोनदा त्या ओळीवर टेकवलं. पण मागं एकदा उजवा मिळाला असताना मी पुन्हा विचारलं होतं. या वेळी विचारणार नाही. आलं तेवढं घेतो.

यंत्र चालू आहे. तू ठरवशील तेवढा वेळ देईन.

बाबा